पहिला वस्तरा: आधी धार कोण लावणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणला राहता, दोन वर्षं सेफ्टी रेझरने दाढी करताय, आता खरा वस्तरा घ्यायचाय. बजेट आठ हजार. नजरेसमोर चार पर्याय आहेत: ब्लेड अडकवायचा चारशे रुपयांचा वस्तरा, लाकडी पेटी, धार परजायचा चामडी पट्टा आणि त्यावर लावायच्या पेस्टच्या डबीसकट येणारा, पात्यावर नक्षी असलेला अडीच हजारांचा ‘दमास्कस’ संच, बजेटच्या बाहेर जाणारा ५/८ इंचाचा नवा जर्मन वस्तरा, आणि परदेशी लिलावांत दिसणारे इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरे. शिवाय कोकणातल्या पावसात स्टेनलेसच घ्यावा का, आणि धार गावातल्या सलूनमधून लावून मिळेल का, असंही विचारलंय.

धारेचा प्रश्न तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता विचारलाय. माझ्या मते बाकीचं सगळं त्याच्यावर अडलंय. मी बरीच वर्षं वस्तऱ्यानेच दाढी करतो आणि ओळखीपाळखीच्या लोकांचे वस्तरे दगडावर घेऊन, म्हणजे धार लावून, देतो. नव्याने शिकणारा माणूस येतो तेव्हा त्याची तक्रार बहुतेक एकच असते: “ओढतोय.” आपला हात अजून बसला नाही असं त्याला वाटत असतं. वस्तरा भिंगाखाली धरला की कळतं, बिचाऱ्याचा हात ठीक आहे, पात्याला धारच कधी लागलेली नाही.

नवशिक्याची खरी अडचण ही की दोष धारेचा की हाताचा हे ओळखायला त्याच्याकडे काहीच माप नसतं. दाढी करायला तयार धार कशी लागते हे त्याने गालावर कधी अनुभवलेलंच नसतं. मग तो कोन बदलतो, साबण बदलतो, जोर वाढवतो, कापून घेतो आणि महिन्याभरात वस्तरा कपाटात जातो. म्हणून पहिला वस्तरा निवडताना पोलाद, मूठ, कंपनी या सगळ्याच्या आधी एकच गोष्ट बघा: माझ्या हातात येईल तेव्हा त्याची धार जाणत्या माणसाने हाताने लावलेली असेल का? असेल, तर पुढे जे काही बिघडेल ते तुमच्या हाताचं, कोनाचं किंवा फेसाचं. ते सुधारता येतं.

धार म्हणजे इथे नेमकं काय, ते थोडं सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यातून निघतात. स्वयंपाकघरातली सुरी दगडावर घासताना कोन आपण हाताने धरतो. वस्तऱ्याचा कोन पात्यातच बांधलेला असतो. पातं दगडावर आडवं टाकलं की जाड पाठ आणि बारीक धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे कोन ठरतो पाठीच्या जाडीवर आणि पात्याच्या रुंदीवर. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला साडेचार मिलिमीटरच्या आसपास पाठ असली, तर दोन्ही बाजू मिळून कोन सुमारे १६ अंशांचा येतो. दाढीला हा उत्तम. तेवढ्याच रुंदीला पाठ सात मिलिमीटर ठेवली तर कोन २५ अंशांच्या जवळ जातो. ती भाजी चिरायची सुरी झाली, तिला कितीही घासा, गालावर ती ओढणारच. उलट पाठ तीनच मिलिमीटर असेल तर कोन ११ अंशांवर येतो आणि धार टिकत नाही, बारीक कपच्या उडतात. पाठीची जाडी रुंदीच्या साधारण २७ ते ३० टक्के, एवढं माप लक्षात ठेवलंत तरी ऑनलाइनचा बराच माल घरबसल्या बाद करता येईल. विक्रेत्याकडे दोन्ही मापं मागा. मापं द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे घेऊ नका.

आता तुमचा अडीच हजारांचा संच. पात्यावरची नक्षी खऱ्या थरांच्या पोलादाची असो की ॲसिडने उमटवलेली असो, दाढीशी तिचा संबंध नाही. असले वस्तरे माझ्याकडे आले की पहिलं काम मी मार्करने करतो. धारेलगत आणि पाठीवर काळी रेघ ओढायची, पातं सपाट दगडावर हलकेच ठेवायचं आणि अजिबात जोर न देता एकच फेरा मारायचा. नीट बनवलेल्या वस्तऱ्याची शाई टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत सारखी उडते. या वस्तऱ्यांची टाचेकडे उडते, मधे तशीच राहते, टोकाला पुन्हा थोडी उडते, आणि उलटी बाजू केली की नेमकं याच्या विरुद्ध. म्हणजे पातं पिळलेलं आहे किंवा पाठ एका जागी जाड, एका जागी बारीक आहे. जाणकार माणूस तासन्‌तास खर्चून त्यातून काहीतरी काढू शकतो, पण त्या वेळेची किंमत वस्तऱ्यापेक्षा जास्त होते. संचातला पट्टाही बहुधा पातळ, अरुंद, सुरकुत्या पडणारा असतो. पेटी मात्र छान असते, हे मान्य.

ब्लेडच्या वस्तऱ्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. “आधी हा घ्या, हात बसला की खरा घ्या” असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धाच पटतो. यात दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं अडकवतात. ब्लेड ताजं असतं, धारेला तोड नसते, पण ते ताठ असतं, कोपरे टोकदार असतात आणि वजन जवळजवळ नसतंच. खऱ्या वस्तऱ्याचं पातं सुमारे सात सेंटिमीटर लांब, त्याला स्वतःचं वजन, आणि कोन चुकायला लागला की त्वचेवर आधी जाणवतं, आवाजही बदलतो. ब्लेडचा वस्तरा अशी सूचना देत नाही, थेट रक्त काढतो. त्यावर शिकलेला माणूस भीतीने हात आखडून धरायला शिकतो, आणि पुढे खऱ्या वस्तऱ्यावर ती सवय मोडावी लागते. हां, पण तुम्हाला फक्त गुळगुळीत दाढी हवी असेल, पट्टा, तेल, दगड यांची आवड नसेल, तर तोच घ्या आणि तिथेच थांबा. ब्लेड टाकायचं, नवं लावायचं, संपलं. सलूनमध्ये तो रुळला यालाही कारण आहे. एड्सबद्दलची जागृती वाढली तशी एकाच पात्याने सगळ्यांची दाढी करणं मागे पडलं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड ही पद्धत आली. ते योग्यच झालं. घेणार असाल तर लांब, स्वतंत्र ब्लेडची जात बघा, फेदर या जपानी कंपनीच्या आर्टिस्ट क्लबसारखी. ती महाग पडते, पण तिचे कोपरे उघडे नसतात.

या बदलाचा दुसरा परिणाम तुमच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. आज सलूनमध्ये काम करणाऱ्या तरुण कारागिराने दगडावर वस्तरा कधी घेतलेलाच नसतो, कारण त्याला कधी गरजच पडली नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जुन्या पिढीतले, धोकटीत दगड आणि पट्टा घेऊन घरोघर फिरलेले कोणी तुमच्या आसपास असतील तर जरूर भेटा, बसा, त्यांचा हात बघा. मात्र तुमचा वस्तरा लगेच पुढे करू नका. त्यांचा दगड वर्षानुवर्षं वापरून बहुतेक मधे खोलगट झालेला असतो. त्यांचे स्वतःचे वस्तरे त्याच दगडाला सरावलेले असतात, म्हणून त्यांचं काम चोख होतं. तुमचं सरळ पातं त्या खोलगट दगडावर गेलं की धारेची रेषा बदलते. आणि सुऱ्या-कात्र्यांना चाकावर धार लावून देणाऱ्याकडे वस्तरा चुकूनही नेऊ नका. चाकावर पातळ पातं क्षणात तापतं, धारेलगत निळसर झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. त्या जागी पुढे कितीही दगड घासला तरी धार धरत नाही.

मग धार लावायची कोणी? घेताना विक्रेत्याने, आणि पुढे काही महिन्यांनी पुन्हा त्यानेच किंवा टपालाने पाठवता येईल अशा एखाद्या छंदी माणसाने. भारतात असे लोक थोडे आहेत, पण आहेत. रोज पट्ट्यावर नीट फिरवलेला वस्तरा कित्येक महिने चालतो. नेमके किती हे दाढीच्या केसांवर, आठवड्यातून किती वेळा दाढी करता त्यावर आणि पट्ट्यावरच्या हातावर ठरतं. कोणी ठाम आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण यात भलेभले फसतात. नवा वस्तरा चांगल्या कंपनीचा असला म्हणजे तो दाढीला तयार असतोच असं नाही. कारखान्यातून निघणारी धार आणि गालाला हवी असलेली धार यांत शेवटच्या काही दगडांचं अंतर असतं. ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा, आकडा मोठा तितका दगड बारीक. साधारण १००० ग्रिटच्या दगडावर धारेच्या दोन्ही बाजू एका रेषेत मिळवतात, मग ४०००, ८०००, आणि शेवटी १२००० किंवा बेल्जियमच्या कोटिक्यूलसारखा एखादा नैसर्गिक दगड. शेवटचे टप्पे नीट झाले नसतील तर हातावरचे केस उडतील, पण दाढी ओढेल. हातावरचे केस उडाले म्हणजे धार आली, हा गैरसमज आहे. ते तर ८००० च्या बरंच आधी उडायला लागतात. म्हणून काही दुकानदार नवा वस्तराही विकण्यापूर्वी स्वतः दगडावर घेतात. त्यासाठी थोडे जास्त पैसे मागितले तर खुशाल द्या.

आकाराबद्दल फार डोकं लढवू नका. ५/८ किंवा ६/८ रुंदी, टोक गोल, घडण हाफ हॉलो किंवा फुल हॉलो. याच्या बाहेर पहिला वस्तरा घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही. ४/८ नाकाखाली छान फिरतो, पण फेस चटकन भरतो, सारखा पुसावा लागतो. ७/८ आणि त्यापुढचे जड असतात. सवय झाली की ते वजन आवडतं, पण हनुवटीच्या खाली वळवताना सुरुवातीला तोल जातो. हॉलो म्हणजे पाठ आणि धार यांच्यामधला भाग दोन्हीकडून कोरून पातळ केलेला. जितकं जास्त कोरलेलं तितकं पातं लवचीक आणि तितका त्याचा आवाज मोठा. फुल हॉलो पातं खरखरीत दाढीवर गुणगुणतं, तो आवाज शिकणाऱ्याला उपयोगी पडतो. कोन योग्य असेल तर स्वर एकसारखा राहतो, पातं जास्त उभं झालं की खरवडल्यासारखा होतो. वेज म्हणजे न कोरलेलं, पाचरीसारखं पातं. शेफील्डचे एकोणिसाव्या शतकातले बरेच वस्तरे या घडणीचे किंवा त्याच्या जवळचे आहेत. दाट दाढीवर ते सुरेख चालतात, पण दगडावर त्यांचं बरंच पोलाद टेकतं, काम चिकट होतं. दुसरा किंवा तिसरा म्हणून घ्या.

टोकाचं म्हणाल तर चौकोनी टोक दिसायला रुबाबदार, आणि मिशी कोरणाऱ्यांना त्याचं आकर्षण असतंच. पण ते टोक कानाच्या पाळीला आणि नाकपुडीला आधी भेटतं. गोल टोकानेही मिशी रेखता येते, थोडा सराव लागतो एवढंच. डावखुरे असाल तर काळजी नको, पातं दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. कोरलेलं नाव तेवढं उलटं दिसेल.

पावसाचा प्रश्न मात्र रास्त आहे. कार्बन पोलाद आणि चिपळूणचा जुलै यांचं जमत नाही हे खरंच. घरच्या विळीचं पातं चिरणं झाल्यावर ओलं राहिलं तर तासाभरात तांबूस होतं, तेच इथे होईल, फक्त इथे गंजाचा एक ठिपका नेमका धारेवर बसला की तेवढ्या जागी खाच पडते. स्टेनलेस गंजत नाही असं नाही, उशिरा गंजतो. दगडावर तो जरा जास्त वेळ खातो, पण एकदा धार आली की दाढीत मला तरी फार फरक वाटत नाही. जुन्यांत झ्विलिंग जे. ए. हेंकेल्स कंपनीचे ‘फ्रियोडूर’ शिक्क्याचे स्टेनलेस वस्तरे चांगले असतात. नव्या मालावर ‘रोस्टफ्राय’ किंवा ‘इनॉक्स’ असं कोरलेलं दिसेल. धार लावणारा माणूस तोच असेल आणि किमतीत मोठी तफावत नसेल, तर तुम्ही स्टेनलेस घ्या. पण धार न लावलेला स्टेनलेस आणि धार लावलेला कार्बन असे दोनच समोर आले, तर डोळे झाकून कार्बन. गंजाचा बंदोबस्त करता येतो.

बंदोबस्त असा. दाढी झाली की पातं धुवा, मऊ कपड्याने पाठीकडून धारेकडे पुसा. मुठीच्या दोन पट्ट्यांमधून टिश्यूची घडी ओढून घ्या, कारण पाणी साठतं ते नेमकं तिथे, पिनेपाशी. पट्ट्याच्या कापडी बाजूवर चार-पाच फेरे मारा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पात्याच्या दोन्ही बाजूंना पुसट हात फिरवा. खोबरेल वापरू नका. ते चिकट राहतं, त्यावर धूळ बसते, आणि चिपळूणच्या थंडीत थिजतंही. वस्तरा न्हाणीघरात ठेवायचा नाही, चामड्याच्या म्यानातही नाही. चामडं ओल धरतं. कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. पावसाळ्यात पट्ट्यालाही बुरशी येते, म्हणून तो भिंतीला चिकटवून न टांगता हवा लागेल असा टांगा. दोन-चार आठवडे घराबाहेर राहायची वेळ नेहमी येत असेल तर तेल जरा सढळ लावून जा.

मुठीचं साहित्य हा याच ओलीशी जोडलेला मुद्दा. नवशिक्याला साधं प्लॅस्टिक किंवा ॲसिटेट सगळ्यांत बरं. लाकूड आपल्याकडच्या दमटपणात फुगतं, कधी वाकतं, मग बंद होताना पातं मुठीच्या आतल्या बाजूला घासतं आणि धार जाते. शिंगाला कीड लागते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. जुन्या वस्तऱ्यांत सेल्युलॉइड फार दिसतं, कासवाच्या पाठीसारखं किंवा मोतिया रंगाचं. ते जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून निघणारी वाफ पात्यालाच खाते. पातं फक्त मुठीत झाकलं जाणाऱ्या भागातच गंजलेलं असेल तर बहुधा हेच झालेलं असतं, मग कितीही देखणा असला तरी सोडा. आणि हस्तिदंती मुठीचा मोह टाळा. भारतात हस्तिदंताच्या व्यापाराला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलं तर वस्तरा जाईलच, वर कायद्याची भानगड मागे लागेल.

आता जुन्या वस्तऱ्यांकडे येतो, कारण आठ हजारांत मला तुमच्यासाठी खरा मार्ग तोच दिसतो. नव्या जर्मन वस्तऱ्याची किंमत तिकडेच शंभर युरोच्या वर जाते. त्यावर टपाल, कस्टम ड्युटी आणि वेगळा पट्टा धरला की तुमचं बजेट मागे पडतं. शेफील्ड, जर्मनीतलं झोलिंगेन, स्वीडनमधलं एस्किल्स्टूना, फ्रान्समधलं तिएर, या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या वस्तरे बनवले. ब्लेड बदलायच्या सेफ्टी रेझरचं पेटंट किंग जिलेटला १९०४ साली मिळालं, त्यानंतरही अनेक दशकं लोक वस्तरा वापरत होते, त्यामुळे चांगला जुना माल जगात भरपूर शिल्लक आहे. ‘झोलिंगेन’ हे नाव कोणाला लावता येईल हे जर्मनीत १९३८ पासून कायद्याने बांधलेलं आहे. अर्थात खोटा शिक्का मारणारे कायद्याला विचारून मारत नाहीत, म्हणून शिक्क्यावर विसंबू नका. शेफील्डच्या वस्तऱ्यावर ‘इंग्लंड’ असं कोरलेलं असेल तर तो बहुधा १८९० नंतरचा. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्याचा हा परिणाम.

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार इथेही वस्तरे सापडतात, आणि तिथे हातात घेऊन बघता येतं हा मोठा फायदा. खिशात दहापटीचं भिंग ठेवा. वस्तरा उघडून उजेडाकडे धार करून धरा, हळूहळू तिरका करत जा. धारेवर कुठेही पांढरा चमकता ठिपका किंवा रेघ दिसली तर तिथे धार बोथट आहे किंवा कपची उडाली आहे. बोथट असेल तर चालेल, ती परत आणता येते. कपची अर्धा मिलिमीटरहून खोल असेल तर ठेवून द्या. मग पात्याची रेषा बघा. किंचित बाहेर फुगलेली असेल तर हरकत नाही, पण मधे आत गेली असेल, तर तो वस्तरा कोणीतरी चुकीचा घासलाय. गंजाचे काळे डाग पाठीजवळ असले तर ती म्हाताऱ्या वस्तऱ्याची खूण, दुर्लक्ष करा. धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत खोल खड्डे असतील तर दगड त्यांच्यापर्यंत पोचेल आणि धार तिथेच तुटेल. पाठीवर सपाट, चकचकीत पट्टा किती रुंद झालाय तेही बघा. दोन्ही बाजूंना बारीक आणि सारखा असेल तर वस्तरा नीट सांभाळलेला. एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे नाहीच, तर पातं वाकडं आहे किंवा घासणारा. शेवटी अंगठ्याच्या नखावर धार अगदी हलकेच टेकवून, न ओढता, किंचित दाबा आणि उजेडात पात्याकडे बघत राहा. केसासारखी बारीक रेघ उमटून मिटली तर पातं तडकलेलं आहे. तो वस्तरा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

हे सगळं करूनही बाजारातून आणलेला वस्तरा बिनधारेचाच असणार. म्हणून पहिल्या वेळी तुम्ही असा माल थेट घेऊ नये असं मला वाटतं. कोणीतरी साफ करून, दगडावर घेऊन, स्वतः त्याने एक दाढी करून बघितलेला जुना ५/८ घ्या. अंदाजाने पाच-सहा हजारांत तो बसावा. भिंग घेऊन बाजारात हिंडण्याची मजा पुढे आहेच.

उरलेल्या पैशांत पट्टा. तो टांगायचा, एका बाजूला चामडं, दुसऱ्या बाजूला जाड कापड, रुंदी सहा-सात सेंटिमीटर असावी. फार भारी घेऊ नका, पहिल्या पट्ट्यावर चिरा पडतातच. पातं उलटवताना धारेवरून उलटवलं की चामडं कापतं. उलटवायचं नेहमी पाठीवरून, आणि सरकवताना पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणलेला, हात हलका, फक्त पात्याचं वजन. कापडावर वीस-पंचवीस, चामड्यावर पन्नासेक फेरे पुरतात. वेग अजिबात नको. कारागिराची फटाफट चालणारी मनगटं बघून नवशिक्या घाई करतो आणि दाढी सुरू व्हायच्या आधीच धार घालवतो. पट्टा यायला उशीर लागत असेल तर जुन्या वर्तमानपत्राची घट्ट घडी टेबलाच्या कडेला धरून त्यावर सराव करा. कागदावरही काम भागतं. पेस्ट सुरुवातीला लागत नाही. दगडही सहा महिने घेऊ नका. घेतलात तर हात शिवशिवणार, आणि लावून आलेली चांगली धार पहिल्याच रविवारी जाईल.

पहिल्या दाढ्यांबद्दल दोनच गोष्टी. सुरुवातीला फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करा, बाकीचं नेहमीच्या रेझरने. गळा आणि हनुवटी पुढच्या महिन्यात. पातं त्वचेपासून साधारण तीस अंशांवर, म्हणजे पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या दुपटीएवढी उचललेली. चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. घरात लहान मूल असेल तर वस्तरा कुलपात.

सलूनमध्ये शिकायचंच असेल तर खुर्चीत बसून कारागिराच्या डाव्या हाताकडे बघा. उजव्या हाताची नक्कल तुम्हाला जमणार नाही, कारण तो बाजूला उभा राहून चालवतो आणि तुम्ही आरशात बघून चालवणार. पण डाव्या हाताची बोटं त्वचा कुठे धरतात, कोणत्या दिशेला ताणतात, ओठाच्या कोपऱ्याशी काय करतात, ते जसंच्या तसं घरी वापरता येतं. ताणलेल्या त्वचेवर वस्तरा सहसा कापत नाही, सैल त्वचेवर हमखास कापतो.

विक्रेता निवडलात की पैसे भरण्याआधी त्याला एवढं लिहून विचारा: पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी मिलिमीटरमध्ये किती? धार कोणी आणि शेवटी कोणत्या दगडावर लावली? त्यानंतर या वस्तऱ्याने कोणी दाढी करून बघितली का? दोन्ही बाजू, पाठ वरून आणि धार जवळून, असे चार फोटो मिळतील का? दाढी ओढली तर परत दगडावर घेऊन द्याल का, आणि टपालखर्च कोणाचा? उत्तरं सरळ आली तर घ्या. “सर, एकदम शार्प आहे” एवढंच आलं तर पुढच्याकडे चला.